साताऱ्यात नव्यानं राहायला आलात? घरचं पाणी, प्रेशर आणि मीटर स्वतः तपासा

पाण्याची तक्रार घेऊन कुणी आलं की तिच्यात बहुतेक वेळा तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात. पाण्याला जोर नाही, टाकी पुरत नाही आणि बिल जास्त येतं. माणूस तिन्हीचा राग एकाच खात्यावर काढतो किंवा मीटर बदलून मागतो. या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि ती घरच्या घरी वेगळी करता येतात, हे मला मनापासून सांगायचं आहे. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. २० लिटरची बादली, वजनकाटा, मोबाईलचं घड्याळ आणि कॅमेरा, गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणि एक वही एवढं जमवा. पुढच्या गोष्टी शक्यतो दिलेल्या क्रमानंच करा, कारण एकीचं उत्तर दुसरीला लागतं.

आधी कळू द्या, तुमचं पाणी येतं कुठून

सातारा उतारावर वसलेलं गाव आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आणि बोगद्याकडे उंच, राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे उतरतं आणि पुढे माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमापर्यंत सखल होत जातं. जुन्या शहराला कास तलावाचं पाणी उताराच्या जोरावरच येतं. कास शहरापेक्षा बरंच उंच असल्यामुळे तिथून पाणी खाली यायला पंप लागत नाही. शहराच्या काही भागाला नगरपालिकेचं पाणी आहे, काही भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. २०२० मध्ये हद्दवाढ झाली, पण घर नगरपालिकेत आलं म्हणजे नळही नगरपालिकेचाच, असं धरून चालू नका. घरमालकाकडून किंवा आधीच्या मालकाकडून पाण्याचं शेवटचं बिल मागून घ्या. बिल कुणाचं आहे, ग्राहक क्रमांक काय आहे, आकारणी वर्षाच्या ठोक पाणीपट्टीनं होते की मीटरवर, जोडणी अर्धा इंची आहे की पाऊण इंची, हे सगळं त्यावर दिसतं.

मग शेजाऱ्यांना विचारा: पाणी किती वाजता सुटतं, किती वेळ टिकतं, रोज की एक दिवसाआड, आणि गल्लीत पहिल्यांदा कुणाकडे येतं. हा शेवटचा प्रश्न नवखा माणूस विचारत नाही. तो विचारा. शहराच्या एकाच टाकीवरून पाणी घेणाऱ्या दोन घरांच्या उंचीत १० मीटरचा फरक असेल तर खालच्या घराला साधारण एक किलोचं (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) प्रेशर जास्त मिळतं. चढावरच्या घरात धार करंगळीएवढी असते तेव्हा खालच्या आळीत अंगण धुणं चाललेलं असतं, त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी ओळख करून घ्या. कोणता व्हॉल्व्ह किती फिरवला की कुठल्या गल्लीला काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मीटर वाचायला शिका

मीटरचं झाकण उघडा, काच ओल्या फडक्यानं पुसा आणि फोटो काढा. काळे आकडे घनमीटरचे असतात. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, बिलावरचं एक युनिट. लाल आकडे किंवा लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या त्याखालचं माप दाखवतात. ज्या तबकडीवर ×०.१ लिहिलं असेल तिचा एक भाग १०० लिटर, ×०.०१ चा १० लिटर, ×०.००१ चा १ लिटर आणि ×०.०००१ चा १०० मिलिलिटर. मधोमध एक छोटी चांदणी किंवा दातेरी चकती असते. थोडंसं पाणी गेलं तरी ती फिरते. पुढच्या तपासणीत तिचा फार उपयोग आहे.

मीटरच्या अंगावर बाण असतो. पाणी बाणाच्या दिशेनंच जायला हवं. मीटर आडवं आणि सपाट बसवलेलं, तबकडी आकाशाकडे असलेली हवी. भिंतीत तिरकं कोंबलेलं मीटर बारीक धारेला दाद देत नाही. सील शाबूत आहे का ते पाहा आणि सीलचाही फोटो ठेवा. भाड्यानं राहणार असाल तर राहायला आल्या दिवशीचं रीडिंग घरमालकाला मोबाईलवर पाठवून ठेवा.

बादली खरी करून घ्या

दुकानदार २० लिटरची म्हणून देतो ती बादली काठोकाठ भरली तर कधी १८ लिटरची निघते, कधी २१ची. म्हणून ती पाण्याच्या वजनावरून तपासायची. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. रिकामी बादली काट्यावर ठेवून वजन शून्यावर आणा, १० किलो पाणी भरा आणि पातळीवर आतून पक्क्या शाईची रेघ मारा. मग २० किलोची रेघ मारा. घरात मोठा काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विनंती करा. पाच मिनिटांचं काम आहे. ही रेघ नसेल तर पुढची सगळी मापं अंदाजाची राहतील.

गळती: दोन ठिकाणी शोधायची असते

पाणी सुटलेलं असताना घरातले सगळे नळ बंद करा, हौदाचा आणि वरच्या टाकीचा भरायचा कॉकही बंद करा. आता चांदणी पाहा. स्थिर असेल तर मीटरपासून टाकीपर्यंतची पाईपलाईन ठीक आहे. हळूहळू फिरत असेल तर पाणी जमिनीत किंवा भिंतीत मुरतं आहे.

पण या चाचणीनं निम्मीच गळती कळते. आपल्याकडे पाणी तास-दोन तास येतं आणि उरलेला दिवस घर वरच्या टाकीवर चालतं. टाकीच्या खालची गळती चांदणीला दिसणार कशी? ती रात्री शोधावी लागते. झोपण्यापूर्वी टाकीत काठी घालून पातळी मोजा, सकाळी कुणी उठून नळ सोडण्याआधी पुन्हा मोजा. साडेतीन फूट व्यासाच्या उभ्या गोल टाकीत दर इंचाला साधारण २३ लिटर पाणी असतं. कुणी पाणी वापरलं नाही आणि पातळी उतरली, तर बहुधा फ्लशची टाकी गळते आहे. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं हात लावू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं आहे.

ही गळती क्षुल्लक वाटते, म्हणून हिशेब मांडतो. पाच मिनिटांत एक लिटर, म्हणजे कानाला ऐकूही न येणारी गळती धरा. तासाला १२ लिटर आणि दिवसाला २८८ लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी नियोजनाचं माप आहे. म्हणजे घरात दोन माणसं वाढल्यासारखं पाणी जातं. टाकी दुसऱ्या दिवशी पूर्ण धारेनं भरते, त्यामुळे मीटर यातला थेंब न थेंब मोजतं. बिल अचानक वाढलं असेल तर मीटरवर संशय घेण्याआधी ही चाचणी करा.

जमिनीतल्या हौदाचीही अशीच तपासणी करा. रात्री भरायचा कॉक बंद, मोटर बंद, भिंतीवर खडूची खूण. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर हौदाला चीर आहे. ५ फूट बाय ४ फुटांच्या हौदात एक इंच पाणी उतरलं म्हणजे ४७ लिटर गेले. पावसाळ्यात याच चिरेतून बाहेरचं पाणी आत येऊ शकतं, म्हणून ही तपासणी मे महिन्यातच उरकून घ्या.

पाणी सुटल्यानंतरची पहिली काही मिनिटं

हे एकदा मीटरजवळ उकिडवं बसून स्वतः पाहाच. पाणी सुटण्याच्या वेळेआधी मीटरचा फोटो काढा आणि मीटरजवळचा एक नळ खाली बादली ठेवून सोडून ठेवा. आधी काहीच होत नाही. मग नळ फुसफुसायला लागतो, तोंडाजवळ हात धरला तर वारा लागतो. त्याच वेळी मीटरकडे पाहिलं तर बादली कोरडी असते आणि चांदणी गरगर फिरत असते. पुढे दोन-चार उचक्या येतात, थोडं तांबूस पाणी येतं आणि मग धार लागते. धार सलग लागली की दुसरा फोटो काढा. दोन फोटोंमधला फरक वजा बादलीत पडलेलं पाणी, एवढी हवा तुमच्या नावावर मोजली गेली.

याचं कारण सरळ आहे. पुरवठा बंद झाला की उतारावरची पाईपलाईन खालच्या घरांकडे रिकामी होते आणि तिच्यात हवा भरते. पुन्हा पाणी सुटलं की ते हवेला पुढे ढकलतं आणि हवा उघड्या नळातून बाहेर पडते. मीटरच्या आतलं चक्र पाणी आणि हवा यांत भेद करत नाही. हवा हलकी, त्यामुळे तितक्याच दाबाला ती पाण्यापेक्षा फार जोरात पळते आणि चक्रही तितकंच जोरात फिरतं. चढावरच्या आणि टोकाच्या घरांना हा त्रास जास्त, कारण हवा वरच्या बाजूलाच गोळा होते.

यावर खरा इलाज पुरवठा करणाऱ्याच्या हातात आहे: लाईनच्या उंच जागांवर हवा सोडणारे व्हॉल्व्ह बसवणं आणि ते चालू ठेवणं. ही अडचण आजची नाही. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळावर हवा बाहेर पडायला वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले होते. तुमच्या हातात आहे ते एवढंच की पाणी येण्याआधी सगळे नळ आणि टाकीचा कॉक सताड उघडे ठेवू नका. मीटरनंतरचा कॉक बंद ठेवा आणि गल्लीत पाण्याचा आवाज आला की थोड्या वेळानं उघडा. एका दिवसाचे फोटो पुरावा म्हणून पुरत नाहीत. आठवडाभराचे ठेवा. रोज चार-पाच लिटर हवा मोजली जात असेल तर महिन्याला जेमतेम दीडशे लिटर होतात, त्यासाठी भांडू नका. रोज पन्नास-साठ लिटर निघत असेल तर लेखी तक्रार करायलाच हवी.

पाणी बंद होताना उलटं घडतं. हौदात सोडलेल्या पाईपचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर रिकामी होणारी लाईन हौदातलं पाणी मागे ओढते. काही मीटर तेव्हा उलटी फिरतात. यात आपला फायदा झाला असं कुणी समजू नये. तुमच्या हौदातलं पाणी गल्लीच्या लाईनमध्ये गेलं आणि उद्या सकाळी ते कुणाच्या तरी लहान मुलाच्या पेल्यात येणार. पाईपचं तोंड हौदाच्या भरलेल्या पातळीच्या वीतभर वर ठेवा आणि मीटरनंतर पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या.

प्रेशर: नळ बंद असतानाचं आणि नळ सोडल्यावरचं

प्लंबरच्या दुकानात प्रेशर गेज मिळतो. तो नसला तरी गवंड्याची लेव्हल नळी पुरते. मीटरजवळच्या नळाला नळीचं एक टोक क्लिपनं घट्ट बसवा, दुसरं टोक हातात धरून जिना चढत जा आणि खाली कुणाला तरी नळ सोडायला सांगा. घरातले बाकी सगळे नळ आणि कॉक बंद हवेत. नळीतलं पाणी एका उंचीला जाऊन थांबेल. नळापासून तिथपर्यंतची उभी उंची मीटरमध्ये मोजा. तेवढं तुमचं प्रेशर. १० मीटर उंची म्हणजे जवळपास एक किलो. गच्चीवर उभं राहूनही पाणी नळीतून सांडत असेल तर प्रेशर गच्चीच्या उंचीपेक्षा जास्त आहे, एवढं निश्चित.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत जुनं माप दिलेलं आहे: एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर, तीन मजल्यांसाठी १७ मीटर. तुमच्या दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी मोटरशिवाय भरत नसेल आणि नळीत पाणी ६ मीटरवर थांबत असेल, तर पाईप बदलून काहीही होणार नाही. पाण्यातच तेवढा जोर नाही.

दुसरं माप नळ पूर्ण सोडून घ्यायचं. रेघ मारलेली बादली २० लिटरला किती सेकंदांत भरते ते पाहा. घरगुती अर्धा इंची मीटर ताशी १५०० लिटरच्या नेहमीच्या प्रवाहासाठी बनवलेलं असतं, म्हणजे २० लिटरला ४८ सेकंद. दीड मिनिट लागत असेल तरी आपल्याकडे ते बरं म्हणायचं. चार मिनिटं लागत असतील तर कारण शोधा.

ही दोन मापं शेजारी शेजारी ठेवली की निदान होतं. नळी उंच चढते पण बादली रडत भरते, असं असेल तर दोष बहुधा तुमच्याच जोडणीत आहे. जुन्या लोखंडी पाईपचं तोंड गंजानं बुजलेलं असतं, मीटरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत वाळू-कचरा अडकलेला असतो, नाहीतर मुख्य लाईनवरच्या फेरूलमध्ये, म्हणजे तुमची जोडणी जिथून निघते त्या तोंडात, काहीतरी अडकलेलं असतं. नळीही चढत नाही आणि बादलीही भरत नाही, तर दोष गल्लीच्या लाईनचा किंवा शहराच्या टाकीचा. मग शेजारच्या दोन घरांत हीच नळी लावून पाहा. त्यांच्याकडेही तेच असेल तर तक्रार एकट्यानं करण्यापेक्षा तिघांनी मिळून करा. आणि तीच नळी सकाळी पाणी सुटल्या सुटल्या, मध्ये आणि बंद होण्याआधी अशी तीनदा लावा. सुरुवातीला सगळ्यांचे कॉक उघडे असल्यानं प्रेशर पडलेलं असतं, खालच्या लोकांचे हौद भरले की चढावरच्या घरात धार लागते. अशा घरानं पहाटे उठून पाण्याची वाट पाहण्यापेक्षा शेवटच्या अर्ध्या तासावर भरवसा ठेवलेला बरा.

प्रेशर निम्मं झालं म्हणून पाणी निम्मं होत नाही, साधारण सत्तर टक्के येतं. त्यामुळे थोड्या प्रेशरच्या फरकासाठी फार खर्च करू नका. मीटर ते हौद अंतर लांब असेल तर मीटरनंतर अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची पाईप टाकल्यानं मात्र फरक पडतो.

आणि लाईनला थेट टुल्लू मोटर लावू नका. कुणी कितीही सांगो. मोटर ओढते तेव्हा लाईनमध्ये पोकळी तयार होते आणि जिथे पाईप फुटका असेल, गटाराशेजारून जात असेल, तिथलं घाण पाणी आत शोषलं जातं. ते तुमच्याही घरात येतं आणि शेजाऱ्यांच्याही. शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढलं जातं ते वेगळंच. शिवाय पाणी संपत आलं की मोटर हवा ओढते आणि ती हवा तुमच्याच मीटरवर मोजली जाते. मोटर लावायची तर हौदातून वरच्या टाकीला लावा.

आता मीटर तपासा

गळती नाही हे कळलं, बादलीवर रेघ आहे, धार सलग लागली आहे आणि नळातून हवा येत नाही. मगच ही चाचणी. मीटरच्या सगळ्यात जवळचा नळ निवडा, बाकी सगळं बंद. चांदणी थांबली आहे हे पाहून फोटो काढा. नळ पूर्ण सोडून २० लिटरच्या पाच बादल्या भरा, म्हणजे १०० लिटर. पाणी हौदात ओता, वाया घालवू नका. नळ बंद करून दुसरा फोटो काढा. मीटरनं १०३ लिटर दाखवले तर ३ टक्के जास्त, ९६ दाखवले तर ४ टक्के कमी. एकाच बादलीवर निकाल देऊ नका, कारण रेघेवर अर्धा लिटर इकडे तिकडे झालं तरी ते २० लिटरला अडीच टक्के होतं. १०० लिटरची चाचणी तीन वेगवेगळ्या दिवशी करा.

नंतर बारीक धारेची चाचणी करा. एक लिटरची बाटली ३० सेकंदांत भरेल इतका नळ ठेवा आणि २० लिटर भरा. शेवटी बाटली दोन मिनिटांत भरेल इतकी बारीक धार ठेवून १० लिटर भरा. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. भारतीय मानक आयएस ७७९ प्रमाणे ब वर्गाच्या (हा अचूकतेचा वर्ग) अर्धा इंची मीटरला ताशी १२० लिटरपासून वर २ टक्क्यांपर्यंत चूक चालते आणि ताशी ३० ते १२० लिटरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत. ३० सेकंदांची बाटली म्हणजे ताशी १२० लिटर, दोन मिनिटांची म्हणजे ताशी ३०. ही मापं नव्या मीटरची आहेत. घरच्या चाचणीत पूर्ण धारेला ४-५ टक्के फरक निघाला तर मी तरी तक्रार करणार नाही. तिन्ही दिवस ८-१० टक्के जास्त निघालं तर जरूर करेन.

जुनं मीटर सहसा जास्त पळत नाही, उलट मंदावतं. आतले आस झिजतात, क्षार आणि गाळ बसतो आणि बारीक धार त्याला जाणवेनाशी होते. टाकी भरत आली की फ्लोट व्हॉल्व्ह (टाकीतला तरंगत्या गोळ्याचा कॉक) हळूहळू बंद होतो, त्या वेळची बारीक धार अशा मीटरवर उमटतच नाही. जास्त दाखवण्याची कारणं थोडी आहेत. एक हवा, जी वर सांगितली. दुसरं कारण असं की मल्टीजेट मीटरमध्ये पाणी चक्रावर अनेक छिद्रांतून येतं. त्यातली काही गाळानं बुजली की उरलेल्यांतून ते जोरात आदळतं आणि चक्र जास्त फिरतं. पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यानंतर अचानक बिल वाढलं असेल तर याकडे लक्ष द्या. मीटर उघडून साफ करायचा मोह मात्र टाळा. सील तुटलं की तुमची बाजूच उरत नाही.

वापराची वही

चार माणसांच्या घराला दरडोई १३५ लिटरनं दिवसाला ५४० लिटर होतात, म्हणजे महिन्याला साधारण १६ युनिट. तुमचं बिल याच्या आसपास असेल तर मीटरवर शंका घेण्यासारखं काही नाही. २५-३० युनिट असेल तर वही घाला.

आपल्याकडे नुसतं मीटर पाहून वापर कळत नाही. पाणी आलं तेव्हाच मीटर फिरतं, वापर मात्र दिवसभर चालतो. म्हणून मीटर आणि साठा दोन्ही लिहायचे. रोज एकाच वेळी, पाणी सुटण्याआधी, मीटरचं रीडिंग आणि हौद-टाकीची पातळी नोंदवा. मीटरवर आलेलं पाणी, त्यात साठ्यात झालेली घट मिळवा किंवा वाढ वजा करा, तो तुमचा त्या दिवसाचा वापर. पाणी दिवसाआड असेल तरी हा हिशेब चुकत नाही. निदान एक रविवार आणि एक कपडे धुण्याचा दिवस त्यात यायला हवा, म्हणून आठवडा लागतो.

मग कुठे किती जातं ते बादलीनं मोजा. शॉवरखाली बादली धरून मिनिटाला किती लिटर येतात ते पाहा. बादलीनं आंघोळ करणाऱ्याला १५-२० लिटर पुरतात, शॉवरखाली तेवढे दोन-तीन मिनिटांत जातात. वॉशिंग मशीनची बाहेर जाणारी नळी एकदा बादल्यांत सोडा आणि मोजा. आरओची वाया जाणारी नळी कळशीत सोडा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडताना दिसतील. ते पाणी फरशी पुसायला चालतं. भांडी घासताना नळ चालू ठेवणं आणि टाकी भरून वाहणं या दोन गोष्टींत जाणारं पाणी मोजलं की घरातली मंडळी आपोआप ऐकायला लागतात, त्यासाठी वेगळं सांगावं लागत नाही.

उन्हाळ्यात कासची पातळी किती फुटांवर आली याच्या बातम्या यायला लागल्या की ही वही पुन्हा काढा. पाणीकपात झाल्यावर किती साठा लागेल ते तिच्यातच सापडेल. अंदाजानं दोन हजार लिटरची जास्तीची टाकी घेण्याआधी ती बघा. गरजेपेक्षा जास्त साठवलेलं पाणी नवं पाणी आलं म्हणून ओतून देणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत, आणि ते मला बघवत नाही. कराडला लागून असलेल्या मलकापूरनं चोवीस तास आणि मीटरनं पाणी द्यायची योजना राबवली. लाईन कायम भरलेली असली की हवेचा प्रश्न निघून जातो, मीटर खरं मोजतं आणि माणसाला भरून ठेवायची धास्ती राहत नाही. आपल्या जिल्ह्यातच हे झालेलं आहे, तेव्हा ते मागायला संकोच करू नये.

तक्रार कशी लिहायची

अर्ज साध्या मराठीत, एका पानाचा. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, जोडणीचा आकार. मग एकच मागणी. "पाणी नीट येत नाही" असं लिहिलं तर त्याचं काही होत नाही. "सकाळी पुरवठा सुरू असताना मीटरजवळच्या नळावर ५ मीटर प्रेशर आहे, शेजारच्या दोन घरांतही तेवढंच आहे, लाईन तपासावी" असं लिहिलं की काय तपासायचं ते समोरच्याला कळतं. मीटरबद्दल असेल तर तीन दिवसांच्या चाचणीचे आकडे आणि फोटोंच्या प्रती जोडा, आणि मीटर तपासणीसाठी पाठवावं अशी विनंती करा. तपासणीचं शुल्क भरावं लागलं तर पावती घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

बिलावर "मीटर बंद" किंवा "सरासरी" असा शेरा येऊ लागला तर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात अर्ज द्या. सरासरीचं बिल कमी आलं म्हणून खूश होणारे पुष्कळ असतात. मीटर बदललं की मागचा हिशेब निघतो आणि तेव्हा आपल्याकडे दाखवायला काही नसतं. मीटर बदलताना जुन्या मीटरचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग बसवणाऱ्यासमोर फोटोत घ्या, आणि नव्या मीटरवर आयएसआय चिन्ह, बाणाची दिशा आणि सपाट बसवणी तिथल्या तिथे पाहून घ्या. सिमेंट सुकल्यावर तिरकं बसलेलं मीटर सरळ करायला सहसा कुणी येत नाही.